बहिऱ्या मास्तराची चूल

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो तेव्हा माझा सगळा भर कानावर असायचा. चाळीस पोरं एका सुरात पाढे म्हणायला लागली की मी डोळे मिटून घ्यायचो. तिसऱ्या ओळीतला कोण नुसते ओठ हलवतोय, एकोणीस सक्कं कुणाचं चुकलं, हे तसाच डोळे न उघडता सांगायचो. पोरांना ती जादू वाटायची आणि मलाही तिचा थोडा गर्व होता. शाळा मालवणपासून चालत तासाभराच्या वाटेवर, खाडीकाठच्या वाडीत होती. माझं घरही त्याच वाडीत. घरात मी, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. थोरला भाऊ बाजारात दुकान चालवायचा, तिथेच मागे राहायचा.

पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. मला खोकला लागला तो जाईना. पावसाळा गेला, थंडी गेली, आणि एके दिवशी फळ्यावर लिहिता लिहिता रुमालावर रक्त दिसलं. भावाने मला घाटावरच्या एका दवाखान्यात नेऊन ठेवलं. तिथे मी आठ-नऊ महिने होतो. रोज सकाळी इंजेक्शन. त्या इंजेक्शनांनी क्षय बरा होतो, तेव्हा नवीनच होतं ते औषध. पाचव्या महिन्यात कानात झांज वाजायला लागली. वाटलं, अशक्तपणा असेल. मग शेजारच्या खाटेवरचा माणूस बोलायचा तो भिंतीपलीकडून बोलल्यासारखा वाटू लागला, आणि आणखी काही आठवड्यांनी त्याचे नुसते ओठ हलताना दिसू लागले. मी डॉक्टरांना म्हटलं, "मला ऐकू येत नाही." त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, 'छाती साफ झाली आहे. कानांचं काही करता येणार नाही. जीव वाचला हे मोठं समजा.'

तो कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता, रागाने. त्यात त्या भल्या माणसाचा काही दोष नव्हता हे मला कळत होतं. कान त्या औषधानेच गेले होते, पण ते दिलं नसतं तर मी गेलोच असतो. पण राग कुणावर तरी काढायचा असतो, आणि माझ्याजवळ तो एक कागद होता.

घरी आलो तेव्हा मुलगी अंगणातून पळत आली. तिचं तोंड उघडलेलं, मान वर, म्हणजे ती मोठ्याने हाक मारत असणार. मला ती हाक ऐकू आली नाही. आज ती दोन मुलांची आई आहे, पण माझ्या लेखी तिचा आवाज तीन वर्षांच्या पोरीचाच राहिला. बायको दारात उभी राहून काहीतरी बोलत होती, हसत होती, डोळे पुसत होती. मी मान हलवत राहिलो. काय बोलली ते पुढे मी तिला कधी विचारलं नाही.

शाळेत मी चार दिवस गेलो. हेडमास्तरांना आधी सांगितलं होतं की थोडं कमी ऐकू येतं, पण निभेल. पहिले दोन दिवस निभलं. मी जुन्या सवयीने मोठ्याने पाढा सुरू करून द्यायचो आणि पोरांच्या तोंडांकडे बघत राहायचो. चौथ्या दिवशी सगळी तोंडं एका तालात हलत होती, मीही हात हलवून ताल धरला होता. सहज दाराकडे नजर गेली तर हेडमास्तर उभे. त्यांच्या मागे दुसऱ्या वर्गातले मास्तर. दोघांचे चेहरे बघून मी वर्गाकडे वळलो. पहिल्या ओळीतल्या एका पोरीला हसू आवरेना, तिने परकराचा बोळा तोंडात कोंबला होता. तेव्हा मला कळलं. वर्गात आवाजच नव्हता. चाळीस पोरं नुसते ओठ हलवत होती, आणि मी ताल धरून उभा होतो.

हेडमास्तर माणूस चांगला. त्यांनी संध्याकाळी ऑफिसात बसवून मला एक चिठ्ठी लिहिली, सरकारी मराठीत, 'आपल्या प्रकृतीचा विचार करता आपण स्वेच्छेने राजीनामा दिल्यास उभयपक्षी सोयीचे होईल.' शेजारी बसलेल्या माणसाला असं लिहावं लागतं, हे त्यांना बरं वाटत नव्हतं. चिठ्ठी माझ्याकडे सरकवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर जो काळ गेला त्याबद्दल लिहायला मला अजून आवडत नाही. वय तेहेतीस. हात-पाय धड, छाती बरी झालेली, डोळे उत्तम. आणि काम काही नाही. भाऊ यायचा, दुकानातल्या पुडीच्या कागदावर लिहायचा, 'बस रे आता आरामात. शेताचा भात येता घरात. कोन तुका काय बोलता?' त्याला वाटायचं आपण धीर देतोय. मला त्या कागदाचे तुकडे करावेसे वाटायचे. आराम हा शब्द जो-तो माझ्यासमोर लिहायचा. देवळातल्या पुजाऱ्याने तर जमिनीवर काठीने लिहिलं, 'देवाचे नाव घ्यावे.' देवाचं नाव मी सकाळी घेत होतो. ते घेऊन झाल्यावर नऊ वाजायचे, आणि पुढे अख्खा दिवस उरायचा.

मग घरातली माणसं मला कामं देऊ लागली. पहिलं काम होतं सोलं राखायचं. कोकमाची सालं चटईवर उन्हात वाळत घातली होती, त्यांवर लक्ष ठेवायचं. बायकोने हातात वेताची काठी दिली, खुणेनेच सांगितलं, कावळे-कोंबड्या हाकायच्या. मी पडवीत बसलो. समोरून कावळा आला की काठी आपटायचो. तासाभराने बायको धावत आली आणि माझ्या मागे हात करून ओरडली. मी वळलो. शेजारच्या पाच-सहा कोंबड्या मागच्या बाजूने चढून निम्मी चटई उधळून बसल्या होत्या. साधा कलकलाट, कुणालाही ऐकू आला असता. मी काठी गुडघ्यावर मोडली आणि माडांतून खाडीवर निघून गेलो. त्या दिवशी जेवलो नाही. राग कोंबड्यांचा नव्हता. म्हाताऱ्याला आणि पोराला देतात ते काम मला दिलं होतं, आणि तेही मला जमलं नव्हतं.

भाजीचा वाफा करून बघितला. वालीचे वेल हातभर वर आले आणि एके सकाळी मी पाणी शिंपत असताना माझ्याच पाठीमागे गाय शिरली, अर्धा वाफा चरून गेली. देवळासाठी हार ओवून बघितले. हार बरे व्हायचे, पण तिथे येणारा प्रत्येक माणूस माझ्या कानाशी येऊन ओरडायचा. आवाज येत नसे, फक्त त्याच्या तोंडचा गरम वारा कानाला लागायचा. मी तिथे जाणं सोडलं. वाचनालयातून पुस्तकं आणायचो. दिवसाला एक पुस्तक संपवायला लागलो, आणि संपलं की कुणाला त्याविषयी सांगावं, तर समोर कोणी नाही. वेळ घालवायची साधनं पुष्कळ होती. मी ते केलं काय नि न केलं काय, कुणाचं काही अडत नव्हतं, हे मला खात होतं.

बायकोशी बोलणं खुणांवर चाललं होतं. जेवायला या, पाणी तापलं, भाऊ आलाय, एवढं खुणेत भागतं. त्यापलीकडे काही नाही. ती तिसरीपर्यंत शिकलेली. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मी मास्तर असून तिला कधी एक अक्षर शिकवलं नव्हतं. तशी गरजच वाटली नव्हती. मुलगी शाळेत जायला लागली, घरात पाटी आली, आणि एक दिवस बायकोने ती पाटी घेऊन माझ्यासमोर काहीतरी लिहिलं. 'भात कापूक माणसा खंय मेळनत नाय.' मी वाचलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल? तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि 'माणसा'वर अनुस्वार दिला. तिने माझ्याकडे बघितलं, पाटी पुसली, पुन्हा लिहायला लागली.

ती खोड मला सुटेना. ती काही लिहायची आणि मी उत्तर देण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचो. मला स्वतःला बोलता येत होतंच, म्हणून चुका तोंडानेही सांगायचो, आणि आवाजावर ताबा नसल्यामुळे शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचो. ती तळहात खाली दाबून खूण करायची, हळू, हळू. मी म्हणायचो, "हळू काय, 'की' दीर्घ आसा!"

एका दुपारी मी पडवीत वाचत बसलो होतो. ती खाडीकडून धावत आली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. खुणा करायला लागली, मला कळेना. तिने मुलीची पाटी ओढली आणि भराभर लिहिलं, 'पाडी चीकलात रूतली भरती येता बेगीन येवा'.

माझी बोटं पेन्सिलीकडे गेली. 'ची' ऱ्हस्व केला. 'रू' ऱ्हस्व केला. 'रुतली'नंतर पूर्णविराम दिला. मी हे मुद्दाम केलं असं म्हणवत नाही, पण केलं. अर्थ डोक्यात शिरायच्या आत हात चालला होता.

तिने पाटी माझ्या हातातून हिसकली आणि पडवीच्या खांबावर आपटली. पाटीचे तीन तुकडे झाले. मग ती एकटीच परत धावली. मला काय घडलं ते कळलं तेव्हा मी मागोमाग पळालो. पाडी, म्हणजे आमच्या गाईची सहा महिन्यांची कालवड, पोटापर्यंत रुतली होती आणि पाणी तिच्या पाठीला लागलं होतं. पलीकडच्या मासेमारांपैकी दोघे होडी घेऊन आले, त्यांनी दोर टाकला. आम्ही चौघांनी ओढून ती बाहेर काढली. पाडी वाचली, पण पुढचा एक पाय खांद्यातून गेला तो गेलाच. जन्मभर ती लंगडत चालली. तिला अंगणात चरताना बघितलं की मला ते दोन ऱ्हस्व आठवायचे.

बायकोने बारा-तेरा दिवस माझ्यासाठी काही लिहिलं नाही. जेवण वाढायची, पाणी ठेवायची. खुणाही बंद. बहिऱ्या माणसाशी अबोला धरला तर त्याच्याकडे जग म्हणून काहीच राहत नाही, हे मी त्या दिवसांत शिकलो. शेवटी बाजारात जाऊन नवी पाटी आणली. बोलून सांगता आलं असतं, तरी लिहिलं, 'चुकलो.' आणि ती चुलीपुढे बसली होती तिथे तिच्या शेजारी ठेवली.

तिने आधी चुलीतले निखारे सारखे केले. मग हात पदराला पुसले आणि माझ्या शब्दाखाली लिहिलं, 'तुमी माका शिकवा. पन आदी माजी गजाल पुरी वाचा.'

असा नेम ठरला. संध्याकाळी दिवेलागणीआधी ती पडवीत बसायची. आधी तिची गजाल, म्हणजे तिला जे सांगायचं ते सगळं लिहून सांगायची, चुकांसकट. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या आंब्याला मोहोर आला, मुलीने वर्गात कुणाला चावलं. मी उत्तरं द्यायचो. त्यानंतर पाटी पुसायची आणि धडा. मी तिला व्याकरण शिकवलं, हिशेब, भूगोल, इतिहास. ती हुशार निघाली. इतकी, की मला कधी कधी बरं वाटायचं आणि कधी कधी चीड यायची. मी एक गणित तीन रीतींनी समजावायला बसायचो आणि ती पहिल्याच रीतीला लिहायची, 'कळला. फुडे.' मला तिने न कळल्यासारखं करावं असं वाटायचं. चाळीस पोरांना पुरणारा मास्तर एका विद्यार्थ्यावर भागवत होता, आणि तो विद्यार्थी वेगाने संपत चालला होता.

असं चार वर्षं चाललं. ती सातवीच्या फायनल परीक्षेला बाहेरून बसली आणि पास झाली. वाडीत त्याचं मोठं कौतुक झालं. बायका मास्तरणी मिळत नसत त्या काळात. हेडमास्तरांनीच नोकरीचा अर्ज भरून घेतला म्हणे. मला त्यातलं बरंच नंतर कळलं.

शिक्षण खात्याचं लांब पाकीट आलं ते पोस्टमनने माझ्या हातात दिलं. मी फोडलं. क्षणभर, अगदी क्षणभर, मला वाटलं की ते माझं आहे. मग नाव वाचलं. खाडीपलीकडच्या वाडीतल्या शाळेत तिची नेमणूक झाली होती, पहिली-दुसरीला शिकवायला. मी पत्र चुलीपाशी नेऊन तिला दिलं आणि बाहेर पडलो.

दिवसभर धक्क्यावर बसून होतो. होड्या लागत होत्या, माणसं चढत-उतरत होती. मनात एकच गोष्ट फिरत होती. जे माझं होतं ते मीच तिला चार वर्षं रोज संध्याकाळी थोडं थोडं देत आलो होतो, आणि आता ते सगळं तिकडे गेलं होतं. हा विचार क्षुद्र होता. तो क्षुद्र आहे हे कळून तो जात नव्हता.

घरी आलो तेव्हा पाटी पडवीत तयार होती. 'जाव काय नको? तुमी नको म्हटलात तर जावचंय नाय.'

मी म्हटलं, "घराचा काय? पोरीचा?"

मुलगी माझ्या मांडीला टेकून उभी होती, म्हणून पोरीचा प्रश्न मलाच खोटा वाटला. ती दिवसभर शाळेत असायची.

"जा," मी म्हटलं. "घरचा मी बघतंय."

तिचे ओठ हलले. तेवढं मला वाचता आलं. ती म्हणाली, "तुमी?" आणि हसली. ते हसणं मला लागलं. मी दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या आधी उठून चूल पेटवली.

पहिल्या महिन्यात काय काय झालं त्याची यादी लांब आहे. स्वयंपाक कानाने होतो हे मला माहीत नव्हतं. बायका पाठमोऱ्या उभ्या राहून तांदूळ धूत असतात आणि चुलीवर काय चाललंय ते ऐकत असतात. दूध वर आलं की ते सांगतं, फोडणी तडतडते, पेज खदखदते, भात कोरडा पडला की आवाज बदलतो. मला यातलं काहीच नाही. दूध रोज उतू जायचं. मोहरी जळून काळी व्हायची आणि धुरामुळे कळायची. भात एक दिवस करपला, दुसऱ्या दिवशी गिच्च गोळा झाला. बायको गुमान खायची आणि होडी चुकेल म्हणून निघायची. ती काही बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

हळूहळू मी माझ्या रीती काढल्या. झाकणीच्या कडेवर बोट ठेवायचं. पाणी उकळायला लागलं की झाकणी बोटाखाली थरथरते, आणि पाणी आटलं की थरथर थांबते, तेव्हा निखारे ओढायचे. फोडणीत आधी एकच मोहरी टाकायची, ती उडाली की बाकीची. दुधापुढे मात्र बसूनच राहायचं, त्याच्यावर दुसरा उपाय मला सापडला नाही. वाटप पाट्यावर मी बरं करायचो. हातात जोर होता. खोबरं, मिरच्या, धणे, शेवटी दोन-चार तिरफळं नुसती ठेचून. बोटाला गुळगुळीत लागलं की झालं.

असाच एकदा वाटप करत बसलो होतो आणि समोर सावली पडली. वर बघितलं तर थोरला भाऊ. त्याचा चेहरा लाल, हात वर-खाली. तो ओरडत होता. माझ्या हातांकडे दाखवत होता, पाट्याकडे, बाहेर वाडीकडे, म्हणजे लोक काय म्हणतील. मी त्याच्याकडे बघत वाटत राहिलो. तो थांबेना. बहिरा झाल्यापासून त्या कानांचा मला झालेला पहिला फायदा तो. शेवटी तो दमला आणि खांबाला टेकून बसला. मी म्हटलं, "दादा, जेवन जा." तो तसाच निघून गेला. पुढे दोन महिने तो आला नाही. वाडीतली माणसं मागून काय बोलतात ते मला ऐकू येत नव्हतं, पण समोरून आल्यावर त्यांच्या तोंडावर दिसायचं.

मासळी आणायलाही मीच जाऊ लागलो. किनाऱ्यावर होड्या लागल्या की वाळूत वाटे मांडले जायचे. तिथे मला एक गोष्ट बरी वाटली. वारा, लाटा, कावळे, बायकांचा कल्लोळ, त्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. सगळे बोटांनीच भाव करायचे. तिथे मी इतरांसारखाच होतो. एक कोळीण होती, माझ्याहून वयाने मोठी. पहिल्या वेळी मी एका बाईकडून बांगडे घेतले तेव्हा तिने ते माझ्या टोपलीतून काढून घेतले, एकाचा कल्ला उघडून माझ्या नाकाशी धरला, तपकिरी पडलेला. मग दुसऱ्या बाईच्या वाट्यातला एक उचलून त्याचा लालभडक कल्ला दाखवला. तोंडाने म्हणाली ते मला ओठांवर दिसलं, "मास्तर, तुमका शाळा शिकवूक होयी." त्या बाईने मला सहा महिने शिकवलं. डोळा कसा असावा, पोट दाबल्यावर काय व्हावं, कुठल्या महिन्यात काय खाऊ नये. मी विद्यार्थी बरा होतो.

आता सगळं सुरळीत झालं असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नव्हतं. संध्याकाळी बायको यायची तेव्हा तिच्या बोटांना खडू लागलेला असायचा. ती पाटी घेऊन बसायची आणि वर्गातल्या गोष्टी लिहायची. खडूचा वास नाकात गेला की मला राहवायचं नाही. मी तिला सांगायला लागायचो, बेरीज अशी शिकवू नको, आधी चिंचोके घे, वाचन असं घे. ती ऐकायची. एकदा मी फारच बोललो. तिने दुसरीच्या पोरांकडून कविता पाठ करून घेतली होती आणि मी म्हटलं, "अर्थ सांगल्याशिवाय पाठ घेतंस? हां काय शिकवणा?"

तिने अगदी सावकाश, एकही चूक न करता, प्रमाण मराठीत लिहिलं, 'ती शाळा माझी आहे.'

मी पाटी घेतली. काही चूक सापडते का बघितलं. सापडली नाही. मग मी उठून दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडायला बसलो, आणि निवडताना मला रडू आलं. माझ्या रडण्याचा आवाज होत असेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. मुलगी येऊन माझ्या पाठीला टेकून उभी राहिली तेव्हा कळलं.

बायकोने त्यानंतर मला शाळेतलं सांगणं बंद केलं नाही. मी सल्ले देणं कमी केलं. पूर्ण बंद आजही झालेलं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. आमच्या वाडीत माड चढणारा एक गडी होता, माझ्याच वयाचा. माडावरून पडला. जगला, पण कमरेखालचं अंग गेलं. तीन-चार महिन्यांनी त्याची बायको आमच्या दारात आली. माझी बायको तेव्हा घरी होती. तिने पाटीवर लिहिलं, 'घोव हिचा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडता. जेवणाचा ताट फेकता. तुमी वायच जावन बसशात काय म्हणून इचारता.'

मला जायचं नव्हतं. मला माहीत होतं मी गेल्यावर सगळ्यांना काय हवं आहे ते. धीर द्यायचा. तो मला कुणी दिलेला आवडला नव्हता. शिवाय त्या माणसाला अक्षरओळख नव्हती, आणि मला ऐकू येत नव्हतं. आम्हां दोघांत बोलणं होणार तरी कसं?

तरी गेलो. मोकळ्या हाताने जायला नको म्हणून ओल्या काजूबियांची टोपली घेऊन गेलो, घरी करायचं काम तिथे बसून करीन म्हणून. तो भिंतीकडे तोंड करून होता. वळला, मला बघितलं, आणि तोंड वेडंवाकडं करून काहीतरी बोलला, बहुतेक शिवीच. मी कानाला हात लावून मान हलवली. तो पुन्हा बोलला. मी पुन्हा मान हलवली. त्याला बहुधा वाडीतला बहिरा मास्तर मीच हे तेव्हा आठवलं.

मी सुरी काढून बिया फोडायला लागलो. ओल्या बीचा गर अख्खा काढणं कठीण काम. चीक बोटांना लागतो, साल जाते, सुरी जरा इकडे-तिकडे झाली की गराचे दोन तुकडे. स्वयंपाकात मी तयार झालो होतो, पण यात अजून कच्चा होतो. पहिल्या दहातले सात मोडले. तो बघत होता. अकराव्या बीला त्याच्या भुवया गोळा झाल्या. बाराव्याला त्याने कोपरावर जोर देऊन अंग उचललं. तेराव्याला हात पुढे करून त्याने माझ्या हातातली सुरी काढून घेतली, राख मागितली, बोटांना चोळली, आणि बी उभी धरून एका फटक्यात उघडली. गर अख्खा. तो त्याने माझ्या नाकासमोर धरला आणि काही बोलला. काय ते मला कळलं नाही, पण मी पोरांना एकोणीसचा पाढा शिकवताना ज्या तोंडाने बोलायचो, ते तोंड मला ओळखू आलं.

त्याने टोपली अर्धी केली तेव्हा त्याला धाप लागली. मग पुन्हा तो भिंतीकडे वळला. ताट फेकायचं त्याने थांबवलं की नाही, मी विचारलं नाही. मी मोडलेले तुकडे त्याच्या बायकोकडे दिले, अख्खे गर टोपलीत घेतले आणि होडी यायच्या आत भाताला आधण ठेवायचं होतं म्हणून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे न्यायला आणखी बिया काढल्या.